फुलं बघायचे शंभर, गाडी लावायचे पन्नास

बागकामाचं प्रदर्शन भरवायला बाग लागत नाही. मैदान लागतं, आणि त्या मैदानाला एकच फाटक लागतं. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. दोन फाटकं ठेवलीत की लोक एकातून शिरतात, दुसऱ्यातून बाहेर पडतात आणि वाटेत भेटलेल्या ओळखीच्याच्या हातात आपलं तिकीट ठेवतात. तेव्हा चारी बाजूंनी पत्रे ठोका, एकच फाटक सोडा, त्यावर हिरव्या कापडाची कमान बांधा आणि कमानीच्या दोन्ही अंगांना पिटुनियाच्या कुंड्यांची उतरंड लावा. बाहेरच एवढं आहे तर आत काय असेल, असं रस्त्यावरच्याला वाटलं पाहिजे. आत काय आहे ते त्याला कळेल तेव्हा तिकीट काढून झालेलं असेल.

दिवस निवडा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातले. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला भरतं, मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं जानेवारी-फेब्रुवारीत. हे दिवस फुलांचे, असं लोकांच्या मनात पक्कं बसलंय. त्या पुण्याईवर तुमचंही निभावून जाईल. फरक इतकाच, की त्या दोन्ही ठिकाणी प्रदर्शन उठल्यावर झाडं जागेवरच राहतात. तुमच्याकडे मांडवाचे खड्डे राहतील.

आता काही हट्टी माणसं खरोखर प्रदर्शनासाठी फुलं फुलवतात. त्यांचा नाद किती महागात पडतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे तुम्ही त्या वाटेला जाणार नाही. गुलाबाच्या छाटणीपासून फूल उमलेपर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस जातात. २५ जानेवारीला फूल टेबलावर हवं तर कात्री ८-१० डिसेंबरला चालवायची, आणि थंडी कडक पडली तर तेही पाच-सहा दिवस लांबतं. एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं म्हणून बाजूच्या कळ्या मटाराएवढ्या असतानाच खुडायच्या. उशिरा खुडल्या तर दांड्यावर डाग राहतो आणि परीक्षक तो बरोबर पाहतो. पिटुनियाचं बी राईच्या दाण्याहून कितीतरी बारीक. ते सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये पेरायचं तेही वर माती न टाकता, नुसतं बोटानं दाबून, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. रोप चार बोटं वाढलं की शेंडा खुडायचा. खुडला की फांद्या फुटतात, पण फूल दोन-तीन आठवडे मागं जातं, म्हणून डिसेंबर लागला की नखं आवरायची. शेवंती तर रात्र मोठी झाली की कळी धरते. तिला जानेवारीपर्यंत रोखायचं तर सप्टेंबरपासून मध्यरात्री दिवे लावून 'अजून उन्हाळाच आहे' असं तिला पटवत बसावं लागतं. चार महिने हे सगळं करून बक्षीस काय, तर एक चषक आणि भोवती रांग लावून फोटो काढणारे लोक.

तुम्ही सोलापूर रस्ता धरा. सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या रोपवाटिकांमधून दोन टेम्पो भरा. रोपं काळ्या पिशवीतून काढायचीसुद्धा गरज नाही. पिशवीसकट कुंडीत ठेवायची आणि कडेनं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, पसरून पिशवीचं तोंड झाकायचं. काळी पिशवी उन्हात तापते आणि मुळांपाशी पाणी टिकत नाही, म्हणून दिवसातून दोनदा पाणी घालावं लागतं. पण प्रदर्शन चारच दिवसांचं आहे. तिसऱ्या दिवशी झाड मान टाकायला लागलं की त्याच्यापुढं 'फुलांना हात लावू नये' ही पाटी ठेवा. दोष आपोआप प्रेक्षकाकडे जातो. पाटीच्या बाबतीत पुण्याची परंपरा मोठी आहे, तिचा मान राखा.

तिकिटाचं जरा नीट ऐका. एकच रक्कम लावू नका. अडीचशे रुपये म्हटलं की माणूस फाटकातूनच परत फिरतो. शंभर, मग पन्नास, मग तीस असं मागितलं की तो प्रत्येक वेळी 'आता आलोच आहोत तर' म्हणतो. या तीन-चार शब्दांवर अख्खं प्रदर्शन उभं असतं. मोठ्यांना १००, मुलांना ५०, चारचाकी ५०, बोन्सायच्या मांडवात शिरायला माणशी ३० आणि मोठ्या कॅमेऱ्याला २००. ज्येष्ठ नागरिकांना सवलत जरूर ठेवा, पण मंगळवार ते गुरुवार, दुपारी १ ते ३, आणि खिडकी क्रमांक चारवर. चौथी खिडकी उघडू नका. आई-वडील आणि दोन मुलं, गाडी लावून, बोन्साय बघून ४७० रुपयांना पडतात. वर चाळीसचे चार वडापाव धरले की ६३०. एवढ्यात रोपवाटिकेत पंचवीस रुपयांची पंचवीस पिटुनिया येतात आणि वर पाच रुपये उरतात. हा हिशेब चुकूनही फलकावर लिहू नका.

पाण्याची बाटली फाटकावरच काढून घ्या. कारण विचारलं तर 'प्लास्टिकमुक्त प्रदर्शन' म्हणा. आत तीस रुपयांना बाटली मिळते, तीही प्लास्टिकचीच, पण ती आपली.

उद्घाटनाला पाहुणे येतील. त्यांना हार घालू नका, रोप द्या. ते पर्यावरणपूरक दिसतं आणि स्वस्तही पडतं, कारण कुठलाच पाहुणा ते घरी नेत नाही. भाषणं संपली की रोपं खुर्च्यांखालून गोळा करा. सहा रोपांत चारही दिवसांचे सगळे सत्कार आरामात निघतात. फक्त तुळस घेऊ नका, ती दुसऱ्या दिवशी चिडल्यासारखी दिसते. मनीप्लांट घ्या, त्याला अपमान कळत नाही.

मधोमध काहीतरी भव्य हवं. किल्ल्याची तटबंदी, मोर, डायनासोर, काहीही चालेल, कारण लोक त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचाच फोटो काढणार. समजा दहा फूट बाय आठ फूट तटबंदी आहे. चार सेंटिमीटरची शेवंती धरली तर चौरस फुटाला साधारण ५८ फुलं, म्हणजे ऐंशी चौरस फुटांना ४,६४० फुलं झाली. ही फुलं टिकायची तर ती ओल्या फ्लोरल फोममध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या स्पंजासारख्या विटांमध्ये, खोचावी लागतात. फोमची वीट २३ बाय ११ सेंटिमीटरची, म्हणजे विटा लागतील जवळजवळ ३००. एक वीट पावणेदोन ते दोन लिटर पाणी पिते. सगळ्यांचं मिळून पाणीच अर्ध्या टनाच्या वर जातं, आणि ते वजन तुमचा बांबूचा सांगाडा पेलत नाही. शिवाय वीट पाण्यावर सोडून ती आपल्या वजनानं बुडेपर्यंत थांबावं लागतं. मांडववाल्याचा पोरगा ती हातानं दाबून बुडवतो, आत हवा अडकते, मधला भाग कोरडाच राहतो, आणि नेमक्या तिथे खोचलेल्या फुलांनी संध्याकाळपर्यंत डोळे मिटलेले असतात.

म्हणून सगळे करतात तेच तुम्ही करा. थर्मोकोल लावा आणि टाचणीनं फुलं टोचा. वजन नाही, पाणी नाही, कटकट नाही. शुक्रवारी उद्घाटनाला तटबंदी पिवळीधमक दिसेल, शनिवारी कडा तपकिरी होतील, आणि गर्दीच्या रविवारी तिची दिवाळीतली मातीची तटबंदी झालेली असेल. हरकत नाही. वर्तमानपत्रात फोटो शुक्रवारचा येतो, आणि रविवारची माणसं तो फोटो बघूनच आलेली असतात.

झाडांवर नावाच्या चिठ्ठ्या लावू नका. लावायच्याच तर अशा उंचीवर आणि अशा अक्षरात लावा की वाचायला वाकावं लागेल आणि वाकलं की मागचा ढकलेल. नाव कळलं की माणूस तेच झाड बाहेर स्वस्तात शोधतो. 'इम्पोर्टेड', 'ऑक्सिजन प्लांट', 'लकी' एवढे तीन शब्द पुरे. ऑक्सिजनच्या झाडाखाली 'नासाप्रमाणित' लिहायला विसरू नका. नासाचा तो १९८९ चा अभ्यास झाडं सीलबंद पेटीत ठेवून केलेला होता, हे कुणी विचारत नाही. पुढं २०१९ मध्ये अशा प्रयोगांची फेरतपासणी झाली. दारं-खिडक्या असलेल्या घरात जेवढी हवा एरवी खेळते, तेवढी शुद्धी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० पासून १,००० पर्यंत झाडं लागतील, असं त्यात निघालं. यात खरं तर तुमचाच फायदा आहे. दहा बाय दहाची खोली म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. कमीत कमी ९३ झाडं विका.

बोन्सायच्या मांडवाचे वेगळे तीस रुपये घेतलेत, तर आत अंधार हवा. पिवळे दिवे आणि बासरीचं संगीत लावा. खरी बोन्साय पंधरा-वीस वर्षं तारा बांधून, मुळं छाटून घडवलेली असते. ज्यांनी ती घडवली ते ती तुमच्या मांडवात चार दिवस ठेवायला देणार नाहीत, कारण पाणी कोण घालणार हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तुम्ही फुगलेल्या मुळांचा फायकस, म्हणजे वडाच्या कुळातलं झाड, आणा. तो बियापासून वाढवतात, मुळं जाड झाली की उपटतात आणि मुळं वर उघडी ठेवून पुन्हा लावतात. दिसतो म्हातारा, असतो पोरगेलासा. खाली 'वय ३५ वर्षे' अशी चिठ्ठी लावा. कुंडीतले पांढरे खडे गोंदानं चिकटवून टाका, म्हणजे वाहतुकीत सांडत नाहीत. मग वरून घातलेलं पाणी खड्यांवरूनच ओघळून जातं आणि घरी नेलेलं झाड महिन्याभरात वाळतं. गिऱ्हाईकाला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. बागकामाच्या धंद्यात या अपराधी भावनेइतकं दुसरं कुठलंच खत लागू पडत नाही.

खरी कमाई स्टॉलची. प्रत्येक गाळ्याचं भाडं एवढं ठेवा की विकणाऱ्याला खरा माल परवडूच नये.

कलमांच्या गाळ्यावर मियाझाकी आंबा हवाच हवा. 'किलोला अडीच लाख' हे ज्याच्या-त्याच्या फोनवर येऊन गेलंय, जाहिरातीचा खर्च वाचला. त्या आंब्याची जात आयर्विन, आणि ती मूळची जपानची नसून अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. जपानच्या मियाझाकी प्रांतात तो हरितगृहात जोपासतात, प्रत्येक फळ जाळीत पेलून धरतात, आणि त्यातलं ३५० ग्रॅमच्या वरचं, गोडी मोजायच्या ब्रिक्स या मापावर १५ च्या वर भरणारं, लालबुंद फळ तेवढंच 'सूर्याचं अंडं' म्हणून लिलावाला जातं. म्हणजे किंमत निवडीची आणि लिलावाची, झाडाची नव्हे. पण रोप विकताना फळाचा फोटो लावायचा असतो, हरितगृहाचा नाही. दोन हजार सांगा, बाराशेला द्या. गच्चीवरच्या ड्रममध्ये ते झाड किलोला अडीच लाखाचे आंबे देईल या आशेवर तीन वर्षं जातात.

कागदी लिंबाचं गुटी कलम, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, मागणाऱ्याला बियाचं रोप द्या. गुटीला दीड-दोन वर्षांत लिंबं लागतात, बियाच्या रोपाला चार-पाच वर्षं. ओळखणारा ओळखतो. बियाच्या रोपाला काटे जास्त आणि लांब असतात, आणि खाली सरळ सोटमूळ असतं, जे गुटीला नसतं. पण पिशवी फाडून बघायला कुणी परवानगी देत नाही. पाच वर्षांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईल तेव्हा या मैदानावर लग्नाचा मांडव असेल.

घरात ठेवायची झाडं आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. माल देखणा असतो, पण मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो, लांबच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवला तर पाणी त्याच्या कडेनं वाहून जातं. भोवतालची माती ओली दिसते, गोळा आतून दगडासारखा कोरडा राहतो. अर्धा तास बादलीत बुडवून बाहेरची एक तृतीयांश माती हलक्या हातानं मोकळी केली की काम होतं. हे वाक्य तुमच्या कुठल्याही विक्रेत्यानं उच्चारू नये, असं करारात घाला. झाड मेलं तरच दुसरं विकलं जातं.

निवडुंगांना लाल-पिवळी कागदी फुलं गरम गोंदानं चिकटवा. ती कधी मिटत नाहीत, हीच त्यांची खूण आहे, पण लोक त्यालाच गुण समजतात. लाल डोक्याच्या निवडुंगाला चिकटवू नका, तो आधीच रंगीत आहे. त्या डोक्यात हरितद्रव्य नसतं, ते खालच्या ड्रॅगनफ्रूटच्या खुंटावर जगतं आणि काही वर्षांत जोडी तुटते. 'आयुष्यभर टिकणारं' म्हणून विका. कुणाचं आयुष्य ते सांगायची गरज नाही.

बियांच्या पाकिटांत निळा गुलाब ठेवा, इंद्रधनुषी गुलाब ठेवा. इंद्रधनुषी गुलाब म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा दांडा उभा चिरून प्रत्येक फाक वेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवलेली, त्याचं बी कुठून येणार? पण पाकीट शंभराचं, आत चाळीस दाणे. पाकिटावर उगवण किती टक्के आणि चाचणीची तारीख काय, हे जो बघेल तो शेतकरी असेल. त्याला आदरानं वाट करून द्या, तो काही घेणार नाही.

खतांच्या गाळ्यावर १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत १०० ग्रॅमच्या डबीत भरून 'फुलोरा जादू' म्हणून दीडशेला लावा. कृषी सेवा केंद्रात जवळपास तेवढ्यातच किलोभर मिळतं. लिटरला दोन ग्रॅम पुरतं, पण डबीवर 'दोन चमचे' लिहा. पानांच्या कडा जळतील, आणि मग त्यावरचं औषध शेजारच्या गाळ्यावर आहेच. पाच किलोच्या कोकोपीटच्या विटेतून 'वीस कुंड्या भरतात' असं सांगा. भिजून ती साधारण सत्तर लिटर होते, बारा इंची चार-पाच कुंड्यांपुरती. आणि कोकोपीटमध्ये क्षार असतात, दोन-तीनदा धुऊन घ्या, हेही सांगायचं नाही. धुवायला लागणारं पाणी वाचवणं हे आपलं पर्यावरणकार्य समजा.

सिमेंटचे बेडूक, बगळे आणि रंगीत बुटके यांना मोक्याची जागा द्या. लंडनच्या चेल्सीत १९१३ पासून जे पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं बागेतले बुटके मांडायला एरवी बंदी असते. शताब्दीच्या निमित्तानं २०१३ साली ती एका वर्षापुरती उठवली होती. तिथल्या लोकांना धंदा कळत नाही. चार दिवसांच्या उन्हात ज्याचं पान वाळत नाही असा अख्ख्या मैदानात एकच माल असतो, आणि तो बुटका.

मोफत कार्यशाळा घ्या, 'ओल्या कचऱ्यापासून खत'. सगळी मिळून पंचेचाळीस मिनिटं, त्यातली तीस माइक चालू करण्यात. ओल्या कचऱ्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, सुका पाला घालावा लागतो, नाहीतर रस सुटतो, वास येतो आणि अळ्या होतात, हे एक वाक्य सांगितलं की कार्यशाळा तिथंच संपते. आंबट ताक शिंपडलं तरी विरजण लागतं हे दुसरं वाक्य सांगितलं की १,४९९ रुपयांचा डबा आणि भुकटीची पुडी पडून राहते. दोन्ही वाक्यं टाळा. अळ्या झाल्यावर लोक फोन करतील, तेव्हा पुडी नंबर दोन.

तक्रारी येतीलच. 'शंभर रुपये देऊन बाजारात आणलंत' असं कुणी म्हटलं तर ओशाळू नका. भाजी मंडईत शिरायला तिकीट नसतं, मॉलमध्ये शिरायला नसतं, ज्वारीच्या पोत्यावर हात ठेवायलाही कुणी पैसे घेत नाही. विकायला ठेवलेल्या मालाकडे बघायचे पैसे घेण्याचा शोध तुमचा आहे. तक्रार-वही ठेवा, तिला सुतळीनं पेन बांधा, पेनात शाई ठेवू नका. कमिटीतल्या एखाद्या ज्येष्ठांना वहीजवळ बसवा, त्यांनी प्रत्येकाला 'अहो, पुढच्या वर्षी या, यंदा थंडीच पडली नाही' एवढं सांगावं. थंडी पडलेली असली तरी.

शेवटचा दिवस सांभाळा. चेल्सीत अखेरच्या दिवशी दुपारी ४ वाजता घंटा होते आणि मांडलेली झाडं विकायला काढतात. लोक पुरुषभर उंचीची झाडं खांद्यावर घेऊन रस्त्यानं जातात. तुमच्याकडे घंटा नको. तुमच्या विक्रेत्याला परतीच्या टेम्पोचं भाडं चुकवायचं असतं, त्यामुळे पाच वाजता ऐंशीचा पिटुनिया तीसला येतो, साडेसहाला वीसला. ही बातमी फुटली तर पहिले तीन दिवस कुणी खरेदी करणार नाही. म्हणून शेवटच्या दिवशी तिकीट-खिडकी चार वाजताच बंद करा, 'आत गर्दी फार आहे' म्हणून सांगा.

एवढं करूनही एक माणूस तुमचं नुकसान करेल. तो रविवारी सकाळपासून फाटकासमोरच्या पदपथावर तीनचाकी टेम्पो लावून उभा असतो. तीच पिटुनिया, त्याच रोपवाटिकेची, पंचवीस रुपयांना, तिकिटाशिवाय. वर गिऱ्हाईकाला सांगतो, 'ताई, पिशवी काढून लावा हं, पाणी सकाळीच घाला.' त्याला हटवायला दोन सुरक्षारक्षक पाठवा. मात्र आधी त्याच्याकडून बारा कुंड्या घेऊन ठेवा. कमानीच्या उतरंडीतल्या तेवढ्या कालच वाळल्यात.